मुक्या विदूषकांना मुजरा

रेडिओवरून मुक्या माणसाविषयी बोलायचे म्हणजे मोठी पंचाईत आहे. ज्याची सारी मातब्बरी न बोलण्यात, त्याची ओळख मी नुसती बोलून करून देणार आणि आपण ती नुसती ऐकणार! एक माणूस केळीच्या सालीवरून घसरला, हे वाक्य ऐकून आजवर कोणी पोट धरून हसलेले नाही. हसू येते ते घसरणे पाहून. तरीही हा विषय घेतला, कारण त्यात इतिहासाचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. बखर उरते, ताम्रपट उरतो, नाण्यांचा हंडा शेतात सापडतो. पण आपल्या पणजोबांना ज्याने हसविले, त्याचे हसविणे कुठे उरते?

टेलिव्हिजनवर हास्याचे कार्यक्रम चालतात ते आपण पाहतोच. चार नकला, दोन गाणी, एखादे प्रहसन, असा तो मिसळीचा थाट. त्यात मधूनच कोणी नट डोक्यावर वाटोळी टोपी घालतो, नाकाखाली बोटभर मिशी चिकटवितो, हातात वेताची काठी घेतो आणि पाय फाकवून चालू लागतो. संगीत बदलते, प्रेक्षक टाळ्या वाजवितात. आमच्या सावनेरातले पाचवीतले पोरही सांगते, ‘हा चार्ली!’ त्या पोराने चॅप्लिनचा एकही चित्रपट पाहिलेला नसतो. मग त्याला हे कळले कसे? नकलेवरून. गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. विनोदी नटाची रीत निराळी. तो गुरूची नक्कल करून त्याला मुजरा करतो. हा मुजरा काय जपून ठेवतो आणि काय गमावतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की हा मुजरा परक्याने परक्याला केलेला नाही. मूकपट आणि विविध करमणुकीचा कार्यक्रम ही एकाच घरातली भावंडे आहेत. चॅप्लिन पडद्यावर आला तो इंग्लंडच्या संगीतगृहांतून, फ्रेड कार्नोच्या मंडळीतून. त्याच मंडळीत पुढे लॉरेल-हार्डी या जोडीतला स्टॅन लॉरेल चॅप्लिनचा बदली नट होता. बस्टर कीटन तर आईबापांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर. बाप त्याला प्रेक्षकांदेखत इकडून तिकडे फेकायचा आणि पोराने चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही, हाच खेळ. तो निर्विकार चेहरा त्याला जन्मभर पुरला.

आपल्याकडे काय झाले? ३ मे १९१३ रोजी मुंबईला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपल्या कल्पनेत ते दृश्य मोठे गंभीर असते. राजा, राणी, डोंबाचे घर, स्मशान. पण त्या खेळाची जाहिरात पाहिली तर गंमत वाटते. हरिश्चंद्राबरोबर एक नाच होता, एक विनोदी प्रहसन होते, पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचे काम होते आणि वर परदेशी विनोदी फिल्मांचे तुकडे होते. म्हणजे आपला पहिला चित्रपट जन्मला तोच मिसळीच्या कार्यक्रमात! पुढे जानेवारी १९१४ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ आला, त्याला जोड म्हणून फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाची लहानशी विनोदी फिल्म केली. पुराणाच्या पानात चटणीसारखी ती वाढली होती. मराठी मूक विनोदाचा आरंभ तिथून धरता येईल.  

आता सावनेरकडे येतो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, हे आमच्या गावात कोणाला सांगावे लागत नाही. वय अवघे तेहेतीस. प्रकृती पार ढासळलेली, आणि अशा स्थितीत ‘भावबंधन’ नाटक त्यांनी पुरे केले. महाराष्ट्राला पोटभर हसविणारा ‘बाळकराम’ तो हाच. ‘प्रेमसंन्यास’मधला विसराळू गोकुळ, ‘एकच प्याला’तला तळीराम, ‘भावबंधन’मधला कामण्णा, ही माणसे शब्दांवर जगतात. त्यांचा विनोद कोटीचा, अतिशयोक्तीचा, धबधब्यासारख्या वाक्यांचा. गडकरी गेले, पण तो विनोद शाईत होता म्हणून राहिला. आजही कोणी पुस्तक उघडावे आणि हसावे.

त्याच १९१९ साली फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात बाळकृष्णाचे काम केले त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने. चित्रपटाच्या प्रारंभी ही चिमुरडी कॅमेऱ्यासमोर नुसता चेहरा दाखविते आणि एकामागून एक भाव बदलीत जाते. राग, हसू, नवल. शब्द एक नाही. पुढे कृष्णाच्या खोड्या येतात, दही-लोण्याच्या चोऱ्या येतात. हा चित्रपट सुदैवाने बराचसा उरला आहे, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पोरीचे मिस्किल डोळे आज आपल्याला दिसतात.

एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. शब्दांचा विनोद कागदावर सुखरूप राहिला. देहाचा विनोद फिल्मवर होता, आणि ती फिल्म म्हणजे जळाऊ माल. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे पडून राहिल्याने चिकट होते, शेवटी तिची पूड होते. शिवाय तिच्यात चांदीचा अंश. खेळ संपला, फिल्म जुनी झाली की चांदीसाठी ती विकायची. १९१२ ते १९३४ या काळात हिंदुस्थानात तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज हाताशी आहेत ते तिसाच्या आसपास, आणि त्यांतलेही बहुतेक तुकड्या-तुकड्यांनी. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला, त्याचीदेखील प्रत आज नाही. शाईने गडकऱ्यांना सांभाळले, चांदीच्या लोभाने मूकपट गिळले.

मग ते मुके विदूषक आपल्यापर्यंत आले कसे? ते आले माणसांच्या अंगांतून. एकाने दुसऱ्याचे पाहिले, दुसऱ्याचे तिसऱ्याने उचलले. पोरबंदराकडचा नूर महंमद मूकपटांच्या दिवसांत मुंबईला आला. ‘द इंडियन चार्ली’ हा त्याचा चित्रपट १९३३ मध्ये लागला आणि त्याने ‘चार्ली’ हे नावच लावून घेतले. नूर महंमद चार्ली! गुरूचे नाव आडनाव म्हणून लावण्याइतका उघड मुजरा दुसरा कोणता? त्याच सुमारास रणजित मूव्हिटोनमध्ये दीक्षित आणि घोरी ही जोडी जमली. दीक्षित मराठी, घोरी मुसलमान. लोक त्यांना आपले लॉरेल-हार्डी म्हणत. दीक्षित १९४९ साली वारले, घोरी आणि चार्ली फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. एका हसण्याच्या परंपरेचे दोन देश झाले.

मराठी बोलपटात दामुअण्णा मालवणकर होते. मास्टर विनायकांच्या १९४० च्या ‘लग्न पहावं करून’मध्ये ते चिं. वि. जोशांचे चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांचे डोळे तिरळे. अमेरिकेत मूकपटांच्या काळी बेन टर्पिन नावाचा असाच तिरळा विनोदवीर फार लोकप्रिय होता. दामुअण्णांनी त्याची नक्कल केली असे मी म्हणत नाही. रंगभूमीवर घडलेला तो कसदार नट होता. पण तोंड उघडण्याआधीच डोळ्यांनी खेळ जिंकायचा, ही विद्या दोघांची एकच.

आणि आता आपल्या विदर्भाचा माणूस. भगवान आबाजी पालव, म्हणजे सर्वांचे भगवानदादा. जन्म १९१३, अमरावतीचा. ज्या वर्षी हरिश्चंद्र लागला, त्याच वर्षीचा! बाप गिरणीत कामाला, वाढ मुंबईच्या कामगार वस्तीत. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत हा तरुण पडद्यावर आला. पुढे मारामारीचे स्वस्त चित्रपट काढता काढता १९५१ मध्ये त्याने ‘अलबेला’ काढला. संगीत सी. रामचंद्र यांचे, नायिका गीता बाली. नायक कोण? तर हा ठेंगणा, जाडगेला, नाकीडोळी साधा माणूस. त्याचा नाच आठवून पाहा. गुडघे किंचित वाकलेले, हात कमरेच्या आसपास, पाऊल जेमतेम उचललेले, खांदा थोडा हलतो, चेहऱ्यावर आपल्यावरच खूष असलेले हसू. शास्त्रीय नृत्याचे शिक्षण त्यात नाही. माझ्या मते तो मूकपटाच्या शाळेत शिकलेला देह आहे. बोलायची सोय नसताना देहाला जे सांगावे लागते ते सांगायला तो शिकला, आणि बोलायची सोय झाल्यावरही ते विसरला नाही. अमिताभ बच्चन यांच्या नाचण्यावर भगवानदादांची छाप आहे, हे सर्वमान्य आहे. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या आपल्या मामा-काकांवर ती आहेच आहे. त्यांना फक्त नाव ठाऊक नसते.

मूकपट गेले, बोलपट स्थिरावले, आणि मग टेलिव्हिजन आले. दिल्लीला ते १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाले. त्याच्या आरंभकाळात तिथे आपले पु. ल. देशपांडे होते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला उघडले. त्यावरचा ‘गजरा’ पुष्कळांना आठवत असेल. लहान लहान विनोदी नाटुकली एका दोऱ्यात ओवलेली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव-गुंड्याभाऊ पुन्हा अवतरले. या वेळी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. एक किरकोळ अंगाचा, घाबरट. दुसरा दांडगा, बेधडक. जोशांचा विनोद शब्दांचा खरा, पण घरातल्या लहान मुलांना कळला तो त्या दोन देहांच्या विजोडपणातून. मग खासगी वाहिन्या आल्या, ‘फू बाई फू’ आले, २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले. त्यात आपल्या अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलीत हसवू लागले तेव्हा इकडे घरोघरी कौतुक झाले. पण थोडे निरखून बघा. त्यांच्या बोलीइतकेच त्यांचे थांबणेही हसविते. बोलण्याआधीचा तो क्षणभराचा थंड चेहरा कीटनच्या भाऊबंदातला आहे.

परदेशात हा मुजरा एकदा फार थाटाने झाला. स्टॅन लॉरेल फेब्रुवारी १९६५ मध्ये वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर त्याच्या स्मरणार्थ एक तासाचा कार्यक्रम झाला. सूत्रधार डिक व्हॅन डाइक, सोबत ल्युसिल बॉल आणि इतर लोकप्रिय मंडळी. आणि त्यांच्यामध्ये स्वतः बस्टर कीटन! मूकपटांचा राजा, सत्तरीला आलेला, टेलिव्हिजनच्या दिव्यांखाली पुन्हा एकदा धडपडत होता. दोन-अडीच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९६६ ला, तोही गेला. पण तिथे एक सोय होती. नक्कल पाहून ज्याला अस्सल पाहावेसे वाटले, त्याला लॉरेलचे आणि कीटनचे चित्रपट पाहता येत होते. मुजरा एका दारासारखा होता. आत गेले की घर होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दार तेवढे उरले, मागचे घर पडले.

नकलेत काय हरवते त्याचा एक दाखला देतो. चॅप्लिनची नक्कल करणारा नट भराभर, झटके देत चालतो. पोरांनाही वाटते, जुनी माणसे अशीच तुरुतुरु चालत. खरी गोष्ट वेगळी. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस अशा चित्रांनी फिल्म उतरे. बोलपट आल्यावर यंत्राची गती चोवीस चित्रांवर पक्की झाली. हळू उतरलेली फिल्म जलद यंत्रावर चढविली की पडद्यावरचा माणूस आपोआप धावतो. काही ठिकाणी विनोदवीर मुद्दाम कॅमेरा हळू फिरवून वेग वाढवीत, ते खरे. पण पुष्कळसे झटके हे यंत्राच्या गफलतीचे. म्हणजे आपल्या नकलाकाराने गुरूबरोबर गुरूच्या फिल्मवरचा ओरखडाही इमानाने उचलला! जुन्या पोथीची नक्कल करणारे लेखनिकही असेच करीत. शाईचा डाग पडला तर त्याला अनुस्वार समजत.

दुसरे हरवते ते जिवावरचे काम. हॅरॉल्ड लॉइड १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. कीटनने १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची सबंध दर्शनी भिंत अंगावर पाडून घेतली. माडीच्या उघड्या खिडकीच्या जागेत तो उभा होता म्हणून वाचला. दोन्ही बाजूंना काही इंचांची मोकळीक. हे टेलिव्हिजनच्या चौकोनी खोलीत कसे व्हावे? तिथे टोपी येते, काठी येते, भिंत येत नाही. आणि चॅप्लिनच्या बाबतीत तर भूक येत नाही. १९२५ च्या ‘गोल्ड रश’मध्ये तो उकडलेला बूट खातो, त्याचे खिळे कोंबडीच्या हाडांसारखे चोखतो. त्या हसण्याखाली लंडनच्या गरिबीत काढलेले बालपण आहे. ती भूक काढून घेतली की मागे उरतो तो फॅन्सी ड्रेस.

म्हणून मला दोन मराठी चित्रपटांचा मुजरा अधिक मोलाचा वाटतो. २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला. त्यात नंदू माधव यांचे फाळके हे पुतळ्यासारखे पूज्य नाहीत. ते धडपडे, खटपटे, चेष्टेखोर गृहस्थ आहेत आणि सारे घरदार फिल्म बनविण्याच्या वेडात ओढतात. २०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांचा ‘एक अलबेला’ आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले. भगवानदादांनी वैभव पाहिले, गमावले, आणि शेवटचे दिवस दादरच्या चाळीत काढून ४ फेब्रुवारी २००२ ला डोळे मिटले. त्यांच्या जुन्या चित्रपटांपैकी कित्येक आगीत नष्ट झाले. या दोन्ही चित्रपटांत नुसती टोपी-काठी नाही. हसविण्यामागचे कष्ट त्यांत आहेत. हा मुजरा वाकून केलेला आहे.

तरीही टेलिव्हिजनच्या साध्या नकलाकाराला मी कमी लेखणार नाही. आमच्याकडे खडीगंमतीचा सोंगाड्या पिढ्यान् पिढ्या असेच शिकत आला. लिहिलेले काही नाही, पाहिलेले सगळे. ज्या समाजाने फिल्म जपली नाही, त्या समाजात नक्कल हाच दप्तरखाना होतो. दप्तर फाटके असेल, त्यावर डाग असतील, पण दुसरे नाही. इतिहासकाराला फाटक्या दप्तरावरही काम करावे लागते.

दुःख याचे की तो दप्तरखानाही आपण सांभाळला नाही. टेलिव्हिजनच्या पहिल्या काळात चित्रफीत महाग होती. कार्यक्रम झाला की ती पुसायची आणि दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची, ही रीत जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही तेच केले. आपल्याकडच्याही त्या वर्षांतल्या पुष्कळ कार्यक्रमांची मुद्रणे आज मिळत नाहीत. म्हणजे मुजरा ज्याला केला तो गेला, आणि मुजराही पुसला गेला.

पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, गोदामे उपसून जे मिळाले ते तिथे आणले. फाळक्यांचे जे आज आपण पाहतो ते त्या खटपटीमुळे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मोठा ठेवा जळाला. म्हणून हे काम एका संस्थेवर सोपवून मोकळे होण्यासारखे नाही. आपल्या भागात फिरत्या तंबूचे सिनेमे होते, जत्रेत पडदे लागत. ज्यांच्या घरी त्या धंद्याच्या खुणा असतील, माळ्यावर पत्र्याचा वाटोळा डबा असेल, जुनी जाहिरात असेल, नाटकमंडळीच्या खेळाची किंवा गॅदरिंगमधल्या नकलांची चित्रफीत असेल, त्यांनी ती रद्दीत देऊ नये. डबा आंबूस वासाचा असेल तर दिव्याजवळ, चुलीजवळ नेऊ नये, घरी उघडून यंत्रावर चढवू नये. पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे. आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी ते खेळ डोळ्यांनी पाहिले, त्यांना नुसते ‘कसे होते’ विचारू नये. ‘करून दाखवा’ म्हणावे. ते उठून उभे राहतील, हात कमरेवर ठेवतील, खांदा जरासा हलवतील. तेवढ्यात मोबाइलवर त्यांचे चित्र उतरून घ्यावे आणि खाली त्यांचे नाव, गाव, साल आणि कोणाची नक्कल केली ते लिहून ठेवावे.